नावेखालची वाळू

देवूने प्रयोगशाळेचं कुलूप काढलं, आत शिरला आणि कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीकडे न बघता आधी खिडक्या उघडल्या. मग बाकं पुसली. ती काल संध्याकाळीच पुसलेली होती. फळा स्वच्छ होता, तोही पुसला. खोलीत पुसण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा नाइलाजाने तो टाकीपुढे जाऊन उभा राहिला.

समुद्रकाठच्या खडकाळ खडपातून आणलेला पट्ट्यापट्ट्यांचा मासा पाण्यावर उताणा तरंगत होता.

"तू पन गेला काय रं?" त्याने माशालाच विचारलं, आणि डाव्या हाताने त्याला अलगद बाहेर काढलं. उजव्या हाताला बोटं नव्हती. मनगटापुढे नुसता मळलेल्या कणकेसारखा गोळा होता, तो त्याने सवयीप्रमाणे सदऱ्याच्या बाहीत ओढून घेतला.

विज्ञान शिकवणारे चौगुले सर आले ते सायकलची क्लिप पायजम्याला तशीच ठेवून. दारातूनच त्यांनी देवूच्या तळहाताकडे बघितलं.

"हाही?"

"व्हय सर."

"पंप बंद पडला होता का रात्री?"

"नाय सर. चालूच हाय. बगा ना, बुडबुडं येतात."

सर टाकीवर वाकले. पाणी स्वच्छ दिसत होतं. इतकं स्वच्छ, की मासे का मरतात असं विचारायला जागाच नव्हती. नेमकं तेच त्यांच्या जिवाला लागलं होतं.

चौगुले सर कोल्हापूरकडचे. नोकरीसाठी पालघरला येईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता आणि पाहिला त्या दिवसापासून त्यांना त्याचं वेड लागलं होतं. शाळेचा एक जुना विद्यार्थी मुंबईत काचेच्या धंद्यात होता. त्याच्या मागे लागून सरांनी ही टाकी मिळवली, हवेचा पंप मिळवला आणि हेडमास्तरांना पटवलं, की यात खाऱ्या पाण्याचा खडप उभा करायचा. शंखात राहणारे खेकडे, बारके मासे, दगडाला चिकटून फुलासारखा उमलणारा तो जीव, सगळं जिवंत. डोंगरपट्टीतून शिकायला येणारी कितीतरी मुलं समुद्रापासून दोन-तीन कोसांवर राहत होती आणि त्यांनी समुद्र बघितला नव्हता. सर म्हणाले, मुलं समुद्राकडे जात नाहीत तर समुद्र मुलांकडे आणू. हेडमास्तर हसले, पण हो म्हणाले.

आणि टाकी सांभाळायला म्हणून खाडीपलीकडच्या मुरबे गावच्या देवूला शिपाई नेमलं. तात्पुरतं.

देवूचा स्वभावच आभारी. काही माणसांना जसं पानाचं व्यसन असतं तसं त्याला उपकार मानायचं होतं. सातपाटीच्या खाडीवर होडीने पलीकडे नेणारा तरवाला, एसटीचा कंडक्टर, घागरीला आधार देणारा वाटसरू, सगळ्यांना तो मान तुकवून "उपकार झालं" म्हणे. नर्मदा, त्याची बायको, म्हणायची, "तुमी मेलात तर यमालासुद्धा सांगाल, एवढ्या लांबून आलास, उपकार झालं." त्यावरही तो हसायचा.

पण चौगुले सरांचे उपकार त्याने असे तोंडाने कधी मानले नाहीत, कारण ते शब्दांत मावणारे नव्हते. मासे उतरवताना दोन नावांच्या मध्ये त्याचा पंजा सापडला, त्याला वर्षं झाली होती. त्या दिवशी सुकाने, थोरल्या भावाने, स्वतःच्या डोक्याचं फडकं त्या हाताला गुंडाळून मुंबईच्या इस्पितळापर्यंत तो हात आपल्या छातीशी धरून ठेवला होता. जीव वाचला. पण दोर ओढता येत नाही, जाळं विणता येत नाही, त्या माणसाने मुरब्यात करायचं काय? किनाऱ्यावर बसून इतरांच्या नावा मोजायच्या. असा बसून बसून माणूस खारवलेल्या बोंबलासारखा सुकत जातो. सरांनी त्याला उचलून समुद्रासमोर पुन्हा उभं केलं होतं. समुद्र टाकीएवढाच होता, पण खारा होता.

आता तोच त्याच्या हातून मरत होता.

दुपारी हेडमास्तरांनी दोघांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण शाळा चालवणारा होता.

"चौगुले, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघू. शेवटच्या शनिवारी मी नववीच्या मुलांना घेऊन येतो. तोवर काही जगलं तर ठीक. नाहीतर गोडं पाणी भरा आणि लाल मासे सोडा. लाल माशांना दाणे काय, कुणीही टाकेल."

शेवटचं वाक्य त्यांनी देवूकडे न बघता म्हटलं. देवूला ते बरोबर समजलं.

दोघे पुन्हा प्रयोगशाळेत आले. सर स्टुलावर बसून राहिले. "वाळूतच काही चुकलं असेल का, देवू? पण वाळू तर आपण पारखून घेतली."

पारखली होती हे खरंच. श्रावणात सरांनी बाकावर चिनीमातीच्या वाट्या मांडल्या होत्या आणि प्रत्येकीत वेगवेगळी वाळू. टाकीच्या तळाला भोकं पाडलेली जाळी, तिच्यावर वाळूचा थर, आणि पंपाने पाणी त्या वाळूतून सतत झिरपत खाली जायचं, अशी रचना होती. "वाळू म्हणजे टाकीचं पोट," सर म्हणाले होते. "मासा जे टाकतो ते वाळूने पचवायचं. पोट बिघडलं की सगळं बिघडलं."

मुरब्याच्या किनाऱ्याची, पुळणीवरची वाळू पिठासारखी होती. सरांनी ती बाजूला सारली. पाणी तिच्यातून उतरणार नाही, आतल्या आत काळी पडून कुजेल. तारापूरला त्या मोठ्या वीजघराचं काम चालू होतं, तिकडे नदीच्या वाळूचे ट्रक जात. त्यातली ओंजळभर आणली होती. दाणा सुरेख, बाजरीएवढा. पण सरांनी वर तेजाबाचा थेंब टाकला आणि काहीच झालं नाही.

"हिच्यात चुना नाही. खाऱ्या जिवांना चुन्याची वाळू पाहिजे, शंखशिंपल्यांची. ती थोडी थोडी विरघळते आणि पाणी आंबू देत नाही."

मग देवूने आपली पिशवी पुढे केली होती. दाणा बाजरीएवढा, मध्ये शिंपल्यांचे पांढरे तुकडे. थेंब पडताच वाळू चुरचुरून फसफसली. सर लहान मुलासारखे हसले.

"अरे वा! ही कुठली?"

"आमच्या नावंखालची, सर."

पावसाळ्यात मुरब्याला नावा किनाऱ्यावर ओढून शाकारतात. लाकूड ओलीने कुजू नये म्हणून नावेच्या बुडाखाली शिंपल्यांची जाड वाळू निवडून आणून पसरायची, ही देवूच्या घराण्याची रीत. बापाने निवडली, आता सुका निवडे. नारळीपौर्णिमेला नाव पाण्यात गेली की मागे ती वाळू उरे, नावेच्या पोटाचा खळगा धरून. बायका त्या खळग्याला हळद-कुंकू वाहत.

हात गेल्यावरही त्या नावेने देवूला सोडलं नव्हतं. प्रत्येक फेरीनंतर त्याचा वाटा सुका न चुकता दारात ठेवून जाई, न बोलता. देवू आभार मानायला धावला की सुका चिडे. "मला काय सांगतं? नावंला सांग." मग देवू खरोखरच जाऊन नावेच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, कपाळ टेकवून येई. सरांनी वाळू मागितली तेव्हा त्याला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. ज्या वाळूने नावेला पावसाळाभर मांडीवर घेतलं, तिच्याहून चांगली वाळू जगात कुठली? सुकाने स्वतः चाळून पोती भरून दिली. "शाळंत आपली वाळू!" तो चार लोकांत सांगत सुटला.

आणि त्या वाळूवर सोडलेला एकेक जीव मरत होता. आधी ते दगडावरचं फूल मिटलं ते मिटलंच. मग खेकडे. मग मासे. सरांनी पाणी बदललं, पंप बदलला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसं रोज नवीन कारण सापडे आणि रोज नवीन मासा मरे.

चार दिवसांनी नर्मदा आली. बाळंतपणाला माहेरी, चिंचणीला गेलेली. सव्वा महिना झाल्यावर लेकीला घेऊन परत येत होती, तर नवऱ्यासोबतच घरी जावं म्हणून बोईसरला गाडी पकडून पालघरला उतरली. शाळा सुटलेली होती. ती लेकीला खांद्यावर टाकून प्रयोगशाळेच्या दारात आली आणि तिथेच थांबली. नाक वर केलं.

"अगो बाय! आपल्या नावंचा वास इथं कसा?"

"कसला वास?" देवू म्हणाला.

"तेलाचा. मुशीच्या तेलाचा. म्हयनाभर नाकाला नव्हता ना, म्हणून कसा पटकन आला. घरीच आल्यासारकं वाटलं." आणि ती हसली.

देवू हसला नाही. तो टाकीकडे वळला, खाली वाकला, नाक पाण्याशी नेलं. त्याला काही वास आला नाही. कसा येणार? त्या वासातच तो जन्मला होता. नाव पाण्यात लोटण्याआधी तिच्या बुडाला मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल चोळचोळून पाजतात. लाकूड पितं तेवढं पितं आणि उरलेलं खाली गळतं. खाली काय असतं?

त्याने चंबूत पाणी तापवलं, टाकीतली मूठभर वाळू वाटीत घेतली आणि वर कढत पाणी ओतलं. थोड्या वेळाने पाण्यावर पातळ तवंग आला. उन्हात त्याच्यावर मोरपिसाचे रंग चमकले.

"बये," तो पुटपुटला. "मीच मारलं गं सगळ्यांना."

चौगुले सर घरी जायला निघाले होते ते परत आले. वाटी बघितली, वास घेतला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, हा वास मला पहिल्या दिवसापासून येतोय! मला वाटलं समुद्राच्या वस्तूला असाच वास असतो."

"आनि मला आलाच नाय, सर."

एकाच्या नाकाला समुद्र नवा, दुसऱ्याच्या नाकाला जुना, आणि मध्ये बिचारे मासे. आधी सरांना हसू फुटलं. देवूलाही आलं, पण त्याचे डोळे भरले होते. सरांच्या जागी दुसरं कोणी असतं तर त्या क्षणी बोट दाखवून मोकळं झालं असतं. सर मात्र म्हणाले, "पारख मीही केली होती, देवू. आपण दोघांनी मिळून मारले."

तेल धुऊन जाणारं नव्हतं आणि साबण लावावा तर साबणानेही जीव मरतात. ती वाळू काढावीच लागणार होती. देवूने तगारीने ती उपसली, पोत्यात भरली. फेकून देववेना, म्हणून पोतं प्रयोगशाळेमागे भिंतीला टेकवून ठेवलं.

दुसरी वाळू नर्मदेने दाखवली. चिंचणीच्या खडपापलीकडे लाटा शिंपल्यांचा चुरा करून एका घळीत आणून टाकतात, तिथे नाव लागत नाही की माणूस फिरकत नाही. रविवारी सर, देवू आणि टोपली घेऊन नर्मदा असे तिघे तिथे गेले. नर्मदेची आई लेकीला मांडीवर घेऊन सावलीत बसली. या खेपेला सरांनी थेंब टाकला, दाणा बघितला आणि शेवटी वाळूची मूठ नर्मदेच्या नाकापुढे धरली.

"काय म्हणता, वहिनी?"

"कशाचाच वास नाय," ती लाजून म्हणाली.

टाकी सोड्याने घासून निघाली. नवीन वाळू, नवीन पाणी. सरांनी लगेच मासे सोडू दिले नाहीत. "वाळू मुरू दे, लोणच्यासारखी. घाई केली की बुरशी." मुरायला हवा होता वेळ, आणि दिवाळी तर जवळ येत होती. देवू रोज रिकाम्या टाकीसमोर बसायचा. मग एक शंखातला खेकडा सोडला. तो जगला. मग दोन बारके मासे. सकाळी दार उघडलं की देवू आता आधी टाकीकडे बघायचा.

एवढं सगळं झालं, पण सुकाला त्याने काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? तुझ्या नावेच्या वाळूने जीव घेतले? रविवारी किनाऱ्यावर जायचं तो टाळू लागला. वाटा मात्र दारात येतच होता, नेहमीसारखा, आणि तो उचलताना देवूला चोरी केल्यासारखं वाटायचं.

सुट्टीच्या आधीचा तो शनिवार उजाडला. हेडमास्तर नववीला घेऊन येणार होते. देवू काच पुसत होता, तेवढ्यात दार अंधारलं. सुका उभा होता. खांद्याला पाण्याचा डबा. मुरब्यापासून तरीने खाडी ओलांडून, एसटीत तो डबा मांडीवर घेऊन आला होता.

"तू बोल्ला व्हतास ना, फूल पायजे. लांबच्या खडपावर गेलो व्हतो. दगडासकट आणलंय."

देवूने ते भादव्यात मागितलं होतं. स्वतः विसरला होता.

सुका टाकीपुढे आला. मासे बघितले, खेकडा बघितला, आणि मग खाली बघितलं. बापाच्या वेळेपासून ज्याने दर साल वाळू निवडली, त्याला काय सांगावं लागणार होतं?

"देव्या, ही आपली वाळू नाय."

"नाय, दादा." आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने सगळं सांगितलं. तेल, तवंग, मेलेले मासे. "वाळूचा दोष नाय, दादा. नावंचा पन नाय. माजंच नाक—"

सुकाने नावेला तेल चोळणारा आपला उजवा तळहात नाकाशी नेला आणि बराच वेळ हुंगला. मग बाहेर गेला. नळाचा आवाज आला. शाळेच्या स्वयंपाकीणबाईंच्या चुलीतली राख घेऊन त्याने हात घासले, पुन्हा घासले, खसाखसा, कातडं लाल होईपर्यंत. येऊन दारातच थांबला.

"जात नाय रं. मुरलाय."

"दादा, तसं काय नाय—"

"हाय. मी नाय घालत हात." त्याने डबा पायाने हलकेच देवूकडे सरकवला. "तू सोड. तुजा हात चोखा हाय."

पंजा गेल्यापासून देवूच्या हातांबद्दल लोक एकतर बोलत नसत, नाहीतर हळहळत. चोखा असं कोणी म्हटलं नव्हतं. त्याला एकदम आठवलं, की चेंगरलेला हात ज्याने छातीशी धरून मुंबईपर्यंत नेला तोच हे बोलतो आहे. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पुसलं नाही, पुसायला हात मोकळा नव्हता. डाव्या हाताने दगड उचलला, उजव्या मनगटाचा खालून आधार दिला आणि कोपरापर्यंत पाण्यात हात घालून तो पांढऱ्या वाळूवर टेकवला. फूल मिटलेलं होतं, नुसता मांसाचा गोळा.

मुलं आली. दाटीवाटीने टाकीभोवती उभी राहिली. चौगुले सर बोलत होते, पण त्यांचं अर्धं लक्ष त्या गोळ्याकडे होतं. हेडमास्तर मागे घड्याळाच्या साखळीशी चाळा करत उभे होते. सर समुद्राच्या भरतीवर आले, ओहोटीवर आले, सांगण्यासारखं संपत आलं. तेवढ्यात पुढे उभी असलेली नवसी, डोंगरातल्या पाड्यावरून येणारी मुलगी, ओरडली, "सर, तां हाललां!"

गोळ्याच्या टोकाशी एक बारीक बोट बाहेर आलं. मग आणखी एक. मग सगळीकडून. मुलांचा आवाज बंद झाला. निळसर जांभळी बोटं पाण्यात पसरत गेली, आणि ते फूल खडपावर असतं तसं उघडलं.

हेडमास्तर पुढे येऊन वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"चौगुले, सुट्टीत हे कोण बघणार?"

"देवू, सर."

"मग त्याचं नाव कायम करायला पाठवा," ते म्हणाले आणि पुन्हा टाकीत बघू लागले.

देवूने वळून भावाला शोधलं. सुका सगळ्यांच्या मागे, भिंतीशी होता. बाकाला, बाटलीला, कशालाच धक्का लागू नये म्हणून त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते, आणि मुलांच्या डोक्यांवरून दिसावं म्हणून तो टाचा उंचावून बघत होता.